मूलभूत गरजांची श्रेणी आणि व्यक्तिविकास : मॅस्लोच्या उपपत्तीचे परीक्षण

१

मनुष्याला काय हवे असते हा एक प्रश्न आहे. त्याने काय व्हावे हा दुसरा. पहिला प्रश्न निरीक्षणाने सुटण्यासारखा आणि दुसरा मूल्यविचाराच्या कक्षेतील, अशी त्यांची विभागणी सामान्यतः केली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत उदयास आलेल्या मानवतावादी मानसशास्त्राला ही विभागणी मान्य नव्हती. मनुष्याच्या मूलभूत गरजांचे नीट संशोधन केले तर त्याच्या विकासाची दिशाही त्याच संशोधनातून हाती लागेल, असा या संप्रदायाचा विश्वास होता. या विश्वासाला सर्वांत सुस्पष्ट रूप दिले ते अब्राहम मॅस्लो (१९०८–१९७०) या मानसशास्त्रज्ञाने. १९४३ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याचा मानवी प्रेरणांच्या उपपत्तीवरील निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९५४ च्या ‘मोटिव्हेशन अँड पर्सनॅलिटी’ या ग्रंथात त्याचा विस्तार झाला.

मानसशास्त्रातील फार थोड्या उपपत्तींना या उपपत्तीइतका प्रसार लाभला असेल. शिक्षणशास्त्र, परिचर्याशास्त्र, समाजकार्य, उद्योगव्यवस्थापन या सर्व क्षेत्रांच्या पाठ्यपुस्तकांत ती गरजांच्या पाच पायऱ्यांच्या रूपाने शिकविली जाते. प्रसाराबरोबर तिचा संकोचही झाला. मूळ निबंधातील अपवाद, मर्यादा आणि शंका गळून पडल्या. उरले ते एक ठाशीव विधान : खालची गरज भागल्यावाचून वरची जागी होत नाही.

या विधानाचे परीक्षण केवळ तात्त्विक कुतूहलापोटी करावयाचे नाही. अन्न आणि सुरक्षितता यांची सोय होईपर्यंत सन्मानाची, ज्ञानाची वा आत्मविकासाची भूक मनुष्यात उत्पन्नच होत नसेल, तर दरिद्री माणसाच्या सन्मानाचा प्रश्न पुढे ढकलण्यास शास्त्राची संमती मिळते. उलट, हे विधान खोटे असेल, तर पोट भरण्याच्या नावाखाली माणसाला मानहानी सोसावयास लावणारी प्रत्येक योजना दोषास पात्र ठरते. म्हणून मॅस्लोने नेमके काय म्हटले, त्यातील किती सिद्ध झाले आणि किती गृहीत राहिले, हे वेगवेगळे करून पाहणे अवश्य आहे.

२

मॅस्लोच्या विचारांची घडण समजल्याखेरीज त्याच्या उपपत्तीतील ताण समजत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो याच्या मार्गदर्शनाखाली त्याने वानरवर्गीय प्राण्यांतील वर्चस्ववर्तनाचा अभ्यास करून १९३४ साली डॉक्टरेट मिळविली. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांतून वर्तनवादाचे प्राबल्य होते, आणि मॅस्लोचे प्रारंभीचे शिक्षणही त्याच पठडीतले होते. पुढे न्यूयॉर्क येथे ब्रुकलिन कॉलेजात अध्यापन करीत असता त्याचा संबंध नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेल्या विद्वानांशी आला. त्यांपैकी मॅक्स वेर्थायमर हा व्यूह मानसशास्त्राचा एक संस्थापक होता. दुसरा, कुर्ट गोल्डस्टाइन, याने पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार केले होते. इजा झालेला जीव आपल्या उरल्यासुरल्या शक्तींची फेरजुळणी करून पुन्हा एकसंध होऊ पाहतो, हे त्याने तेथे पाहिले, आणि आपल्या अंगभूत शक्ती प्रत्यक्षात आणणे हीच सजीवाची एकमेव मूलप्रेरणा होय, असा निष्कर्ष काढला. मॅस्लोच्या उपपत्तीचे शिखर असलेली संज्ञा मूळची गोल्डस्टाइनची आहे.

तिसरा प्रभाव रूथ बेनेडिक्ट या मानवशास्त्रज्ञ विदुषीचा. तिच्या प्रोत्साहनाने मॅस्लो १९३८ च्या उन्हाळ्यात कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट लोकांच्या सिक्सिका वसाहतीत राहिला. ऐहिक संपत्ती बेताची असूनही त्या समाजातील बहुसंख्य माणसे मनाने सुरक्षित आहेत, आणि ज्याने अधिक दिले तो तेथे अधिक श्रीमंत मानला जातो, हे त्याच्या लक्षात आले. मॅस्लोची श्रेणी या लोकांच्या विचारांतूनच घेतलेली आहे, असे अलीकडे काही ठिकाणी प्रतिपादिले जाते. तितके म्हणण्यास आधार पुरेसा नाही. परंतु या अनुभवाने मॅस्लोच्या पुढील विचारास एक अवघड प्रश्न देऊन ठेवला होता, यात संशय नाही. संपत्तीच्या अल्पतेबरोबर सुरक्षिततेची भावना नांदू शकते, तर सुरक्षितता ही वस्तूंच्या साठ्यावर अवलंबून आहे की माणसांच्या परस्परसंबंधांवर? १९४३ च्या निबंधात या प्रश्नाला मिळावयास हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही.

त्या निबंधातील मांडणी थोडक्यात अशी आहे. मनुष्याच्या मूलभूत गरजा पाच प्रकारच्या : शारीरिक गरजा, सुरक्षिततेची गरज, प्रेम व आपलेपणाची गरज, प्रतिष्ठेची व आत्मादराची गरज, आणि आत्मवास्तवीकरणाची गरज. या गरजा प्रबळतेच्या क्रमाने लागलेल्या असतात. अधिक प्रबळ गरज अतृप्त असेल तोवर ती मनाचा कबजा घेते. ती पुष्कळशी भागली म्हणजे मागे सरते आणि पुढची गरज प्रकट होते. भागलेली गरज वर्तनाची प्रेरक राहत नाही.

मॅस्लोने या क्रमाला लोखंडी चौकट मानले नव्हते, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांप्रमाणेच अनुयायांनीही विसरता कामा नये. सामान्य नागरिकाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेची ७० टक्के, प्रेमाची ५० टक्के, आत्मादराची ४० टक्के आणि आत्मवास्तवीकरणाची १० टक्के भागलेली असते, अशी कल्पना करून पाहण्यास त्याने सुचविले. हे आकडे मोजून काढलेले नव्हते. केवळ उदाहरणादाखल घेतल्याचे त्याने स्वतःच सांगितले होते. गरजा अंशाअंशाने भागतात आणि एकाच वेळी अनेक गरजा कार्य करीत असतात, एवढाच त्यांचा आशय. शिवाय पायऱ्यापायऱ्यांचा जो त्रिकोण आज त्याच्या नावाने ओळखला जातो, तो त्याने काढलेलाच नाही. ब्रिजमन, कमिंग्ज आणि बॅलर्ड या संशोधकांनी २०१९ साली या आकृतीचा माग काढला, तेव्हा चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या १९६० मधील व्यवस्थापनविषयक लेखापर्यंत ते जाऊन पोचले.

३

उपपत्तीच्या सत्यासत्यतेपूर्वी तिच्या संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. कारण तिच्यातील पहिली अडचण संज्ञांतच दडलेली आहे.

‘गरज’ हा शब्द ‘इच्छा’ या शब्दाहून भिन्न आहे. इच्छा कोणाला तरी जाणवते. गरज जाणवलीच पाहिजे असे नाही. ज्याच्या आहारात क जीवनसत्त्व नाही त्याला त्या जीवनसत्त्वाची इच्छा होत नसली, तरी गरज आहेच. गरज नेहमी कशासाठी तरी असते : जगण्यासाठी, निरोगी राहण्यासाठी, अमुक एक कार्य करण्यासाठी. मॅस्लोने जीवनसत्त्वाचाच दृष्टान्त वापरून मूलभूत गरजेची कसोटी बांधली. जिच्या अभावी विकृती उत्पन्न होते, जी भागल्याने विकृती टळते आणि जी पुन्हा भागविल्याने विकृती बरी होते, ती मूलभूत गरज. ही कसोटी चांगली आहे. प्रेमाला वंचित झालेले मूल आजारते हे दाखविता येते, आणि म्हणून प्रेम हा भावुकतेचा विषय नसून अन्नासारखीच गरज आहे असे म्हणता येते. वर्तनवादाच्या भरभराटीच्या काळात हे आग्रहाने सांगणे हे मॅस्लोचे मोठे कार्य होय.

परंतु ही कसोटी पहिल्या चार गरजांना जशी लागू पडते तशी पाचवीला पडत नाही. स्वतः मॅस्लोने १९५५ पासून न्यूनताप्रेरणा आणि विकासप्रेरणा असा भेद केला. न्यूनता भरून निघाली की शांत होते. विकासाची ओढ तृप्तीने वाढते. ज्याला संगीत कळू लागते त्याची संगीताची तहान भागत नाही, खोलावते. हा भेद मार्मिक आहे, पण तो मान्य केल्यावर पाचवी गरज पहिल्या चारांच्या मालिकेत बसविता येत नाही. एकीचे स्वरूप रिकामे भांडे भरण्याचे, तर दुसरीचे वृक्ष वाढण्याचे. पाचवी पायरी ही वस्तुतः पायरीच नव्हे. ही फट बुजविण्यासाठी मॅस्लोने पुढे असे सुचविले की, विकासाची ओढ दडपल्यानेही निरर्थकता, उपहासवृत्ती, उदासीनता यांसारख्या ‘अधिविकृती’ उत्पन्न होतात. यावर प्रश्न असा की, निरर्थकतेची जाणीव हा रोग आहे असे ठरविणार कोण? तो रोग ठरविण्यापूर्वी अर्थपूर्ण जीवन म्हणजे काय हे ठरवावे लागते. म्हणजे ज्या मूल्याचा शोध गरजेतून लागावयाचा, तेच मूल्य गरजेच्या व्याख्येत आधीच घालून ठेवले जाते.

मराठीत या विषयाचे विवेचन करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. गोल्डस्टाइन-मॅस्लो यांच्या संज्ञेसाठी ‘आत्मसाक्षात्कार’ हा शब्द सहज ओठावर येतो. तो टाळणे इष्ट आहे. वेदान्तात आणि संतवाङ्मयात आत्मसाक्षात्कार म्हणजे जे सदैव सिद्धच आहे त्याचे ज्ञान; त्यात देहाशी व नामरूपाशी बांधलेल्या ‘मी’चा निरास अभिप्रेत असतो. गोल्डस्टाइनच्या संज्ञेत याच देहधारी, विशिष्ट व्यक्तीच्या शक्यतांचे प्रत्यक्षात रूपांतर अभिप्रेत आहे. पहिल्यात काही घडवावयाचे नसते, दुसऱ्यात सर्वच घडवावयाचे असते. ‘आत्मवास्तवीकरण’ हा शब्द कानाला कठोर असला तरी अर्थाशी प्रामाणिक आहे. अखेरच्या वर्षांत मॅस्लो आत्मातीततेकडे वळला आणि १९६९ साली सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ट्रान्सपर्सनल सायकॉलॉजी’च्या स्थापनेतही त्याचा वाटा होता, हे खरे. तरी त्यामुळे त्याच्या आधीच्या संज्ञेचा अर्थ बदलत नाही.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. खालची गरज अधिक ‘प्रबळ’ असते, या विधानात प्रबळता म्हणजे काय? या एका शब्दाखाली दोन भिन्न कल्पना एकत्र आल्या आहेत. एक, अतृप्त गरज मनाला व्यापून टाकते. विचार, स्वप्ने, संभाषणे तिच्याभोवती घुटमळू लागतात. दुसरी, अतृप्त गरज निर्णयावर ताबा मिळविते. मनुष्य तिच्यापुढे इतर सर्व गोष्टी सोडून देतो. पहिल्या अर्थाने प्रबळ असलेली गरज दुसऱ्या अर्थानेही प्रबळ असलीच पाहिजे, असे मॅस्लोच्या मांडणीत नकळत गृहीत धरले गेले आहे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे मिनेसोटा विद्यापीठातील उपासमारीच्या प्रयोगावरून दिसून येते. १९४४ च्या नोव्हेंबरात अँसेल कीज याच्या नेतृत्वाखाली ३६ तरुणांवर हा प्रयोग सुरू झाला. महायुद्धात होरपळलेल्या प्रदेशांतील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे याचे ज्ञान मिळविणे हा त्याचा हेतू होता. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटविण्यात आले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या बृहद्ग्रंथातील निरीक्षणे मॅस्लोच्या बाजूने साक्ष देतात असेच प्रथमदर्शनी वाटते. त्या तरुणांचे मन अन्नाने व्यापले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास रेंगाळत खाऊ लागले. विनोद, मैत्री, कामवासना यांतील त्यांचा रस ओसरला.

तथापि हे तरुण कोण होते हे ध्यानात घेतले पाहिजे. विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले ते युद्धविरोधक होते आणि त्यांनी ही उपासमार स्वेच्छेने पत्करली होती. मन अन्नाने व्यापलेले असताना, दार उघडे असताना, त्यांतील बहुतेकांनी प्रयोग अखेरपर्यंत नेला. भुकेने त्यांच्या चित्ताचा ताबा घेतला, पण त्यांच्या संकल्पाचा ताबा तिला घेता आला नाही. पहिल्या अर्थाची प्रबळता येथे पूर्णपणे सिद्ध होते, आणि दुसऱ्या अर्थाची तितक्याच पूर्णपणे खोटी ठरते.

अशा उदाहरणांची कल्पना मॅस्लोला नव्हती असे नाही. १९४३ च्या निबंधातच त्याने क्रमाचे अपवाद नोंदविले असून, आदर्शासाठी सर्वस्व सोडणारा हुतात्मा हा त्यांपैकी एक आहे. त्याचे स्पष्टीकरण असे की, ज्यांच्या मूलभूत गरजा बालपणी भरपूर भागलेल्या असतात त्यांच्यात पुढील वंचना सोसण्याचे बळ येते. हे काही व्यक्तींच्या बाबतीत खरे असेल. परंतु एक सर्वसामान्य तत्त्व म्हणून ते घेतले तर उपपत्तीला कोणताही विरोधी पुरावा बाधूच शकत नाही. मनुष्य भुकेपुढे नमला तर क्रम सिद्ध झाला. न नमला तर त्याचे बालपण तृप्त होते. दोन्ही बाजूंनी जिंकणारी उपपत्ती वस्तुतः काहीच सांगत नाही.

शिवाय नकार देणारे सर्वच तृप्त बालपणाचे धनी नसतात. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पण तो हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. पाणी ही शारीरिक गरजांतील आद्य गरज. तेव्हा हा लढा पहिल्या पायरीवरचा होता असे कोणी म्हणेल. आंबेडकरांनी तसे म्हणण्यास जागा ठेवली नाही. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, या तळ्याच्या पाण्यावाचून आजवर कोणी मेलेले नाही. तेथे जावयाचे ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी.

यावर मॅस्लोचा समर्थक म्हणेल की, तहान इतरत्र भागत होती म्हणूनच सन्मानाची गरज वर आली. हा आक्षेप ग्राह्य धरला तरी दुसऱ्या पायरीचे काय? मार्चमधील कृतीनंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. गावगाड्यात इतरांवर विसंबून जगणाऱ्या माणसांनी, निर्वाह आणि देह दोन्हींची सुरक्षितता पणाला लावून, सन्मानाची मागणी केली. ज्यांची सुरक्षिततेची गरज पिढ्यान्‌पिढ्या भागली नव्हती त्यांनीच ती डावावर लावली. येथे सन्मान ही सुरक्षिततेच्या नंतर येणारी गोष्ट नव्हती. सन्मानाच्या अभावामुळेच सुरक्षितता नाही, हे त्यांना उमगले होते. गरजा एकीवर एक रचलेल्या नसून एकमेकींत विणलेल्या असतात, असे यावरून म्हणावे लागते.

प्राणिसृष्टीतील एका प्रसिद्ध प्रयोगाचा निर्णयही याच दिशेचा आहे, आणि तो मॅस्लोच्या गुरूचाच आहे हे विशेष. १९५८ साली हार्लोने माकडांच्या पिलांना दोन कृत्रिम माता दिल्या; एक तारांची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या मातेकडे असतानाही पिले बहुतेक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहिली. मायेची गरज ही भुकेची उपशाखा नव्हे, हे मॅस्लोचे म्हणणे यावरून सिद्ध होते. त्याच वेळी माया ही भुकेनंतर येते हे म्हणणे मात्र दुबळे पडते.

५

श्रेणीचा पाया असा डळमळीत; तिच्या शिखराला पुरावा कोणता? आत्मवास्तवीकरण साधलेल्या व्यक्तींची लक्षणे मॅस्लोने १९५० साली मांडली. वास्तवाचे अधिक स्वच्छ आकलन, स्वतःचा व इतरांचा स्वीकार, उत्स्फूर्तता, एकान्ताची आवड, स्वायत्तता, मोजक्यांशी गाढ संबंध, निर्विष विनोद, सर्जनशीलता अशी ती लक्षणे आहेत. हे चित्र प्रसन्न आहे, आणि ते वाचताना अशा माणसांच्या सहवासाची ओढ वाटते. परंतु ते कोणत्या रीतीने तयार झाले हे पाहिले पाहिजे.

या अभ्यासाचा उगम वेर्थायमर आणि बेनेडिक्ट या दोन गुरुजनांविषयीच्या आदरात होता, हे मॅस्लोने मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्यात समान काय आहे याचा विचार करता करता त्याने आपली टिपणे वाढविली आणि परिचित व ऐतिहासिक व्यक्ती निवडल्या. आपल्या अखेरच्या वर्षांतील लिंकन आणि जेफर्सन, तसेच आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट, जेन अ‍ॅडम्स, विल्यम जेम्स, श्वाइट्झर, ऑल्डस हक्सली, स्पिनोझा यांचा त्यांत समावेश होतो. सुमारे ३,००० महाविद्यालयीन विद्यार्थी त्याने चाळून पाहिले. त्यांत त्याला निःसंशय म्हणता येईल असा एकच विद्यार्थी सापडला.

निवडीची कसोटी म्हणजे संशोधकाचा आदर, आणि संशोधनाचा निष्कर्ष म्हणजे आदरणीय गुणांची यादी, असे हे वर्तुळ आहे. ब्रूस्टर स्मिथ या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली मॅस्लोविषयी आस्था बाळगूनच दाखवून दिले की, यात एका विशिष्ट अभिरुचीच्या माणसाची मूल्ये शास्त्राच्या वेषात प्रकट झाली आहेत. ज्या व्यक्तींत विलक्षण शक्ती होत्या पण ज्या निष्ठुर वा उद्ध्वस्त होत्या, त्या या यादीत का नाहीत? अंगभूत शक्ती प्रत्यक्षात आणणे हीच कसोटी असेल तर त्यांना वगळण्याचे कारण उरत नाही. त्यांना वगळावयाचे तर कसोटी शक्तींच्या प्रकटनाची राहत नाही, ती सद्‌गुणाची होते. सद्‌गुणाची कसोटी लावण्यास हरकत नाही; मात्र ती निसर्गातून सापडली असा दावा करता येत नाही.

या आक्षेपाची धार मानवतावादी संप्रदायात इतरांनाही जाणवली होती. १९६१ साली सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ह्यूमनिस्टिक सायकॉलॉजी’ने आणि १९६४ च्या ओल्ड सेब्रुक येथील परिषदेने कार्ल रॉजर्स, रोलो मे, गॉर्डन ऑलपोर्ट प्रभृतींना एका मंचावर आणले, पण मनुष्यस्वभाव मुळात चांगला आहे काय, यावर त्यांचे एकमत नव्हते. १९८२ साली मे याने रॉजर्सला लिहिलेल्या जाहीर पत्रात, दुष्टता केवळ समाजाच्या माथी मारून चालणार नाही, ती मनुष्याच्या शक्यतांतच आहे, असे बजावले. रॉजर्सची बाजू पद्धतीच्या दृष्टीने मॅस्लोहून भक्कम होती. उपचारांच्या प्रत्यक्ष बैठका ध्वनिमुद्रित करून, उपचारकाच्या कोणत्या वृत्तीमुळे रुग्णात बदल होतो हे त्याने तपासण्याजोग्या भाषेत मांडले. मॅस्लोच्या शिखराला अशी शिडी नव्हती.

व्हिक्टर फ्रांकलचा आक्षेप आणखी मूलगामी होता. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या मानसोपचारज्ञाच्या मते आत्मवास्तवीकरण हे ध्येय होऊच शकत नाही. स्वतःबाहेरील कार्यात वा प्रेमात मनुष्य रमला तर ते आपोआप पदरी पडते. १९६६ साली मॅस्लोने या मताशी आपली सहमती प्रसिद्धपणे नोंदविली. ही सहमती त्याच्या मोठेपणाची खूण आहे; पण तिचा परिणाम श्रेणीवर काय होतो हे त्याने पुरते सांगितले नाही. शिखर हे चढून जाण्याचे ठिकाण नसेल, तर पायऱ्यांची उपमाच निरुपयोगी होते.

६

अनुभवजन्य संशोधनाचा कौल संमिश्र आहे. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या तपासण्यांचा आढावा घेतला, तेव्हा गरजांचे पाच स्वतंत्र गट आणि त्यांचा ठराविक क्रम यांना फारच थोडा आधार आढळला. विशेष हे की, तोपर्यंत उद्योगव्यवस्थापनाने ही उपपत्ती सिद्ध मानून तिच्यावर इमारती उभारल्या होत्या. डग्लस मॅकग्रेगरच्या १९६० च्या ग्रंथापासून कामगाराच्या वरच्या गरजांना आवाहन करण्याची भाषा रूढ झाली. त्या भाषेने कारखान्यातील हुकूमशाहीला आळा घालण्याची इच्छा व्यक्त केली हे तिचे श्रेय. परंतु वेतनाचा प्रश्न ‘खालच्या’ पायरीवर ढकलून आत्मविकासाच्या आश्वासनावर काम करून घेण्याची सोयही तिनेच केली. विकासाची भाषा मालकाच्या तोंडी गेली की तिचा अर्थ पालटतो, याचा विचार मॅस्लोने पुरेसा केलेला दिसत नाही.

२०११ साली टे आणि डीनर यांनी १२३ देशांतील ६०,००० हून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून या प्रश्नाचा पुन्हा शोध घेतला. मॅस्लोने सांगितल्यासारख्या गरजा सर्वत्र आढळतात आणि त्या भागल्याने माणसाचे स्वास्थ्य वाढते, हे त्यात दिसून आले. शारीरिक व सुरक्षिततेच्या गरजा बहुधा आधी भागतात, हेही दिसले. परंतु प्रत्येक गरजेचा स्वास्थ्यातील वाटा बराचसा स्वतंत्र निघाला : आपलेपणा आणि आदर यांनी मिळणारे समाधान हे अन्ननिवाऱ्याची पूर्तता होण्याची वाट पाहत थांबत नाही. क्रम आहे तो गरजा भागण्याचा. त्या असण्याचा नव्हे. गरिबाच्या गरजा विशिष्ट क्रमाने भागत असतील तर त्याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा समाजव्यवस्थेत शोधणे अधिक योग्य ठरेल. याच अभ्यासात असेही आढळले की, व्यक्तीचे स्वास्थ्य तिच्या स्वतःच्या गरजांबरोबर तिच्या समाजातील इतरांच्या गरजा भागण्यावरही अवलंबून असते.

डेसी आणि रायन यांच्या स्वयंनिर्धारणाच्या उपपत्तीने क्रमाचा त्याग करून स्वायत्तता, सक्षमता आणि संबद्धता या तीन मानसिक गरजा समान पातळीवर मांडल्या. या तिन्हींची आवश्यकता जन्मापासून मृत्यूपर्यंत सतत असते, असे ते मानतात. मॅस्लोचा मूळ हेतू, म्हणजे विकासाला पोषक परिस्थितीचे शास्त्र घडविणे, येथे टिकून आहे; गळाली आहे ती केवळ पायऱ्यांची रचना.

७

या विवेचनाचा निष्कर्ष असा. मॅस्लोच्या उपपत्तीत तीन भिन्न विधाने एकत्र गुंफलेली आहेत. प्रेम, सुरक्षितता आणि आदर या चैनीच्या बाबी नसून त्यांच्या अभावी मनुष्य खरोखर आजारतो, हे पहिले विधान. ते टिकते, आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. या गरजा एका निश्चित क्रमाने मनुष्याच्या निर्णयावर सत्ता चालवितात, हे दुसरे विधान. ते टिकत नाही. तीव्र वंचना चित्ताला व्यापते एवढेच त्यातील सत्य आहे. मनुष्यस्वभावाच्या निरीक्षणातूनच त्याच्या विकासाचा आदर्श हाती येतो, हे तिसरे विधान. ते सिद्ध झालेले नाही, कारण निरीक्षणासाठी माणसे निवडतानाच आदर्श वापरला गेला होता.

या तीन विधानांची गल्लत झाल्यानेच उपपत्तीचा दुरुपयोग सुकर झाला. पहिल्या विधानाच्या सत्यतेचे तेज दुसऱ्यावर पडले, आणि वंचित माणसाला आधी भाकरी व मग प्रतिष्ठा असा हिशेब सांगणे शास्त्रशुद्ध वाटू लागले. वस्तुतः भाकरी कोणत्या रीतीने दिली जाते यातच प्रतिष्ठा ठेवली वा हिरावली जाते. शाळेतील भोजनाच्या पंगतीत, रुग्णालयाच्या रांगेत, मजुरीच्या वाटपात शरीराची गरज आणि सन्मानाची गरज एकाच क्षणी भागतात किंवा एकाच क्षणी नाकारल्या जातात. त्यांना दोन मजल्यांवर ठेवणारी आकृती स्मरणात ठेवण्यास सोपी आहे. तिच्यावरून धोरण आखणे मात्र घातक आहे.

मॅस्लोच्या स्वतःच्या लेखनाकडे परत गेल्यास त्याच्या नावावर रूढ झालेल्या आकृतीपेक्षा अधिक सावध, अधिक शंकाकुल आणि म्हणूनच अधिक उपयुक्त असा विचारवंत भेटतो. निरोगी मनुष्य कसा असतो हा प्रश्न विकृतींच्या अभ्यासात गुंतलेल्या मानसशास्त्रापुढे त्याने मांडला. त्याचे उत्तर अपुरे ठरले, तरी तो प्रश्न मागे घेण्याचे कारण नाही. त्याचे पुढील उत्तर शोधताना थोरांच्या चरित्रांबरोबर मिनेसोटाच्या त्या अर्धपोटी तरुणांकडे आणि चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांकडेही पाहावे लागेल. कारण मनुष्याची वाढ कोणत्या पायरीपासून सुरू होते याविषयीचा त्यांचा पुरावा कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक भरवशाचा आहे.